उष्ण कटिबंध येथे मिळेल

१२ ऑगस्ट

चष्मा शोधत सूनबाईच्या शिलाई मशीनपाशी गेलो आणि लेबलांचा गठ्ठा हाती आला. हिरव्या अक्षरांत – उष्ण कटिबंध. खाली बारीक – कंबरदुखीवर गुणकारी. चष्मा नव्हता म्हणून वाटलं, डोळे फसवतायत. चष्मा सापडल्यावर पुन्हा वाचलं. तेच.

हे पट्टे ती उन्हाळ्यापासून शिवते आहे. जाड सुती कापड, आत कप्पे, कप्प्यांत जवस. कोरड्या तव्यावर पट्टा उलटापालटा करून तापवायचा आणि कमरेला बांधायचा. मुलाच्या कारखान्यात काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं, तेव्हा हिने मशीन बाहेरच्या खोलीत मांडलं. घरात दोन घास येतात ते आता बरेचसे या पट्ट्यांवर. म्हणून खोलीभर जवस सांडलं, पायाखाली कचकच झाली, तरी मी चकार शब्द काढला नाही.

पण हे?

उष्ण कटिबंध म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला पृथ्वीचा पट्टा, जिथे सूर्य कधी ना कधी थेट डोक्यावर येतो. हे वाक्य मी उभा जन्म शिकवलं. या गावातल्या निम्म्या दुकानदारांना ते झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. आणि माझ्याच घरात त्याला नाड्या लावल्या!

१३ ऑगस्ट

जेवताना विषय काढला. मुलगा ताटाकडे बघू लागला. घरात भांडण होण्याची चिन्हं दिसली की त्याला आमटीत काहीतरी दिसतं.

सूनबाई शांतपणे म्हणाली, "अण्णा, कटि म्हणजे काय?"

"कंबर."

"बंध?"

"बंध म्हणजे पट्टा. पण म्हणून –"

"आणि उष्ण म्हणजे गरम. कमरेला बांधायचा गरम पट्टा. मी वेगळं काय लिहिलं?"

मी म्हटलं, "मग उद्या बर्फाची पिशवी शिवशील आणि तिला शीत कटिबंध म्हणशील."

ती क्षणभर थांबली. "सुचलं नव्हतं," म्हणाली. आणि खरंच विचारात पडली.

मी दही न घेता उठलो.

१९ ऑगस्ट

नाक्यावर मला आता 'कटिबंध सर' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, हे जास्त वाईट.

२४ ऑगस्ट

लाज वाटावी असं झालं, पण इथे लिहायला हरकत नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने काचेवर पाटी लावली आहे – 'उष्ण कटिबंध येथे मिळेल.' एवढा मोठा भूभाग, तीन महासागर, निम्मी जंगलं, आणि तो याच्या दुकानात मिळणार, खोकल्याच्या औषधाशेजारी. मला राहवलं नाही. तो माझाच विद्यार्थी. भूगोलात जेमतेम निभावलेला. आत गेलो आणि पाटीकडे बोट दाखवायला जरा वेगाने वळलो.

उसण भरली.

अशी भरली की बोट वर, मान तिरकी, तोंड उघडं, तसाच राहिलो. दुकानात चार गिऱ्हाइकं. औषधवाला काउंटरखालून वाकून बाहेर आला, म्हणाला, "सर, हलू नका." जणू मी हलणार होतो! मागच्या खोलीत त्याची बायको चहा टाकत होती. तिने तव्यावर एक पट्टा तापवून आणला. दोघांनी मिळून तो माझ्या सदऱ्यावरूनच बांधला. एक म्हातारी गिऱ्हाईक निरखून बघत होती. थोड्या वेळाने मी सरळ झालो, तशी ती म्हणाली, "मला पण एक द्या."

याला जाहिरात म्हणतात. मी फुकट केली.

घरी येताना पट्टा सदऱ्याच्या आत घेतला. सूनबाईने दार उघडलं. माझ्या पोटाकडे पाहिलं. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कधी सोसत नाही, त्यात फार मजकूर असतो.

२५ ऑगस्ट

गुण आला आहे. जवसाने आला आहे. नावाचा त्याशी काही संबंध नाही.

३० ऑगस्ट

सकाळी माझ्या खुर्चीवर पट्टा ठेवलेला असतो. तापवलेला. कोण ठेवतं ते मी विचारत नाही. मी बांधतो का ते ती विचारत नाही. असा हा तह चालला आहे.

९ ऑक्टोबर

आज माझी बाजू सिद्ध झाली. आणि मी ती घालवली.

संध्याकाळी भूगोलाच्या बाई आल्या. मी निवृत्त झाल्यावर माझा वर्ग ज्यांच्याकडे गेला त्या. कडक बाई, छत्रीसुद्धा घडी घालून पट्ट्याने आवळून ठेवतात. हातात सहामाहीच्या उत्तरपत्रिका. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हीच वाचा."

प्रश्न – उष्ण कटिबंधाची माहिती लिहा.

पहिली उत्तरपत्रिका – 'उष्ण कटिबंध तव्यावर गरम करतात. जास्त गरम केल्यास वास येतो.'

दुसरी – 'उष्ण कटिबंध दिवसातून दोनदा बांधावा. तो आमच्या आजीला आहे.'

तिसरीत दोन्ही ज्ञानांचा संगम होता – 'उष्ण कटिबंधात घनदाट जंगले, हत्ती व जवस आढळतात.'

बाई म्हणाल्या, "वर्गात चौदा जणांनी असं लिहिलं आहे. मी गुण देऊ कुठून?"

सूनबाई मशीनवर होती. तिला हसू आवरेना. तोंडाला कापड लावून हसत होती. त्या हसण्याने माझा तोल गेला. बाईंच्या देखत म्हणालो, "बघ. माझी सगळी हयात तू तव्यावर शेकलीस. शब्द विकून खातेयस तू."

मशीन थांबलं.

बाई उठल्या. "मी असं म्हणायला आले नव्हते, सर," म्हणाल्या आणि छत्री घेऊन गेल्या.

विकून खातेयस. खाणाऱ्यांत मीही आहे, हे शब्द तोंडातून निघून गेल्यावर आठवलं. पण गेलेला शब्द, सुटलेला बाण वगैरे. आपण दुसऱ्यांना सांगतो त्या म्हणी आपल्या वेळेला कुठे जातात कोण जाणे.

१० ऑक्टोबर

खुर्चीवर पट्टा नव्हता.

१६ ऑक्टोबर

नवीन लेबलं आली. काळ्या अक्षरांत – शेकपट्टा. सूनबाईने सगळ्या पट्ट्यांची जुनी उसवली, नवी शिवली. औषधवाल्याची पाटी उतरली.

झालं माझ्या मनासारखं. चहा मात्र पाणचट लागला.

२ नोव्हेंबर

मशीन दोन दिवस बंद. बाहेरच्या खोलीत पायाखाली कचकचत नाही. वाचन छान व्हायला हवं. एकच पान तीनदा वाचलं.

५ नोव्हेंबर

औषधवाल्याकडे खोकल्याच्या गोळ्या आणायला गेलो. खोकला नव्हता.

तो म्हणाला, "सर, खरं सांगू? शेकपट्टा म्हटलं की लोक म्हणतात, शेकायला घरी फडकं आहे. उष्ण कटिबंध म्हटलं की आधी हसायचे, मग हातात घ्यायचे, मग तुमची आठवण सांगायचे. कुणी म्हणे सरांनी मला अंगठे धरायला लावले होते, कुणी म्हणे मला नकाशात कर्कवृत्त सापडेना तर सरांनी माझं बोट धरून फिरवलं होतं. बोलत बोलत घेऊन जायचे."

"माझी आठवण?"

"मग? तो शब्द ऐकला की दुसरं कोण आठवणार?"

गोळ्या घेतल्या. घरी येऊन एक खाल्लीसुद्धा, उगाच.

६ नोव्हेंबर

आज जुना शब्दकोश काढला. जाडजूड, कणा सुटलेला, माझ्यासारखाच. कटिबंध – पहिला अर्थ, कमरेला बांधायचा पट्टा. दुसरा अर्थ, पृथ्वीचा भाग.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि ध्यानात येणं यांत अंतर आहे. म्हणजे शब्द आधी कमरेचा होता. कुणीतरी भूगोल लिहिणारा बसला असेल, पृथ्वीच्या मधल्या भागाला काय म्हणावं ते सुचेना, बायकोच्या किंवा स्वतःच्या कमरेकडे लक्ष गेलं असेल आणि म्हणाला असेल, हेच. ज्या परक्या भाषेतून ही कल्पना आली तिथेही मुळात तो पट्टाच, हे आम्हाला कॉलेजात सांगितलं होतं. म्हणजे उसनवारी आमची. सूनबाईने फक्त घरच्यांची वस्तू घरच्यांना परत केली.

आता हे तिला सांगायचं कसं. मी आयुष्यात मुलांना 'चूक' लिहून दिली, स्वतःची म्हणायची सवय नाही.

११ नोव्हेंबर

शाळेत गेलो. बाईंना म्हटलं, त्या चौदा जणांचा एक तास मला द्या. बाई म्हणाल्या, "ओरडणार नाही ना?" मी म्हटलं, "बघू."

पट्टा बरोबर नेला होता. वर्गात शिरलो, कोट काढला आणि सगळ्यांसमोर पट्टा कमरेला बांधला. मागच्या बाकावर खसखस पिकली. मी म्हटलं, "हसा. आता सांगा, माझं डोकं म्हणजे काय?"

एक मुलगी म्हणाली, "टक्कल."

"उत्तर ध्रुव. तिथे काही उगवत नाही, हे बरोबर. पाय?"

"दक्षिण ध्रुव."

"तिथे वहाणा आहेत, पण चालेल. आणि ही कंबर. पट्ट्याची वरची कड कर्कवृत्त, खालची कड मकरवृत्त, मधोमध विषुववृत्त. हात लावून बघा, गरम आहे की नाही?" रांगेने येऊन सगळ्यांनी हात लावला. तव्यावरून आणेपर्यंत जरा निवला होता, पण विज्ञानात थोडं सांभाळून घ्यावं लागतं.

तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "सर, तुमचं पोट मध्येच पुढे आलंय. पृथ्वीचंही आलंय का?"

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मला मात्र जो आनंद झाला तो किती वर्षांत झाला नव्हता! "आलंय," म्हणालो. "अगदी बरोबर. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. फिरून फिरून फुगली आहे. मी बसून बसून फुगलो आहे."

त्या मुलीचं उत्तर हत्ती आणि जवसाचं होतं, असं बाईंनी नंतर सांगितलं. मी म्हटलं, अर्धा गुण द्या. हत्तीसाठी.

त्याच पावली घरी आलो. सूनबाई भाजी चिरत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बोलायचं ठरवून आलो होतो ते सगळं बाजूला राहिलं. शेवटी म्हटलं, "जुनी लेबलं टाकलीस का?"

"नाही."

"लाव."

तिने विळी बाजूला सारली. "का?"

"शब्दकोशात पहिला अर्थ तुझा आहे. माझा दुसरा."

"शब्दकोशाचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मी त्या दिवशी बाईंसमोर बोललो ते वाईट बोललो. तू शब्द विकला नाहीस. तू तो – चालता ठेवलास."

तिने चिरलेली भाजी ताटलीत ओढली. मग म्हणाली, "मला भूगोलात काडीचं कळत नव्हतं, अण्णा. लग्न होऊन या घरात आले, पहिल्याच दिवशी तुम्ही मला पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला होता. कटिबंध शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पट्ट्याला नाव हवं होतं तेव्हा तोच आठवला. मला वाटलं होतं, तुम्हाला आवडेल."

मला आवडेल, असं वाटून तिने ते नाव ठेवलं होतं. आणि मी दही न घेता उठलो होतो.

भाजी चिरू लागलो. मला येत नाही. तिने चिरू दिली.

१४ नोव्हेंबर

पट्ट्याबरोबर द्यायला माहितीपत्रक मी लिहायचं ठरलं. सूनबाई म्हणाली, चार ओळी. मी पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. चार पानं झाली. तिने वाचली, म्हणाली, "छान आहे," आणि कात्री घेतली. कापडाची कात्री. शेवटी उरलं ते – 'तव्यावर तापवा. कमरेला बांधा. सूर्य डोक्यावर आल्यासारखे वाटेल. फार तापवू नका.' तिसरं वाक्य माझं.

२१ नोव्हेंबर

खुर्चीवर पट्टा. मशीन पहाटेपासून चालू. पायाखाली कचकच.

२८ नोव्हेंबर

लांबून फोन आला. डोंगरावरचं गाव, खूप उत्तरेला. तिथल्या एका दुकानदारणीच्या बहिणीने इकडून पट्टा नेला होता. दुकानदारीण म्हणाली, "आमच्याकडे हिवाळ्यात सगळ्यांच्याच कमरा धरतात. पण माणसं संशयी आहेत. कुणीतरी येऊन दाखवा, समजावून सांगा. मग घेतील."

मोठी मागणी होती. सूनबाईचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. ती मशीन सोडून जाणार कशी? मुलगा गेला तर त्याचं जे तीन दिवसांचं काम आहे तेही सुटेल.

मुलगा आमटीत बघू लागला होता. आणि मी म्हटलं, "मी जातो."

मला वाटतं, माझ्या आधी माझ्या तोंडाने ठरवलं.

मुलगा म्हणाला, "अण्णा, तिथे बर्फ असतो."

"मला सांगतोस? बर्फ कसा होतो, किती प्रकारचा असतो, हिमरेषा म्हणजे काय, सगळं –"

"पाहिलाय का?"

नाही पाहिला. डोंगरांच्या उंच्या पाठ आहेत. वारे कुठून कुठे वाहतात ते डोळे मिटून सांगेन. पण या कटिबंधाबाहेर मी कधी पाऊल टाकलं नाही. तब्येत, शाळा, परीक्षा, बायकोचं आजारपण, मग तिचं नसणं. कारणं सगळी खरी होती.

३ डिसेंबर

दोन गाठोडी पट्टे, एक पिशवी कपडे. स्टेशनवर सूनबाईने माझ्या कमरेला स्वतः पट्टा बांधला, फलाटावर, चारचौघांत. मी हरकत घेतली नाही.

म्हणाली, "लोकांना चार ओळींतच सांगा."

४ डिसेंबर, गाडीत

काल झोपेत कर्कवृत्त ओलांडलं. जन्मभर खडूने फळ्यावर काढलं, तुटक रेषेने, पट्टी धरून. आणि प्रत्यक्ष ओलांडलं तेव्हा घोरत होतो. समोरच्या बाकावरच्या माणसाला सकाळी विचारलं, रात्री काही जाणवलं का. तो म्हणाला, "हो, तुम्ही."

६ डिसेंबर

पोचलो. दात एकमेकांवर आपटतात, अक्षर हलतं आहे. दुकानदारीण धिप्पाड आहे, हसली की दुकानातल्या बरण्या वाजतात. तिने मला थेट शेगडीपाशी बसवलं. दुकानात आठ-दहा म्हातारी माणसं शेकत बसली होती, जणू मला तपासायला नेमलेली. एकाने लेबल वाचून विचारलं, "उष्ण कटिबंध – म्हणजे तुम्ही राहता तो मुलूख ना?"

"हो."

"तिथून हा आला?"

"हो."

"मग नाव बरोबर आहे," तो म्हणाला आणि पट्टा कमरेला लावून पाहिला.

मी ऑगस्टपासून जे भांडण भांडलो, ते या माणसाने शेगडीपाशी बसून एका वाक्यात मिटवलं.

९ डिसेंबर

पहाटे खिडकी उघडली तर सगळं पांढरं. खाली उतरलो, अंगणात उभा राहिलो. वर्गात सांगितलं होतं ते सगळं बरोबर होतं. षटकोनी आकार, आत कोंडलेली हवा, सगळं. फक्त बर्फ पडताना आवाज होत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बराच वेळ उभा होतो. दुकानदारीण ओरडली, "सर, आत या, नाहीतर तुम्हालाच तव्यावर घ्यावं लागेल."

१३ डिसेंबर

पहिलं गाठोडं संपलं. दुपारी शेगडीपाशी माणसं जमतात. आधी कमरांबद्दल बोलतात, मग विचारतात, तुमच्याकडे समुद्र कसा असतो, झाडांची पानं खरंच कधीच सगळी गळत नाहीत का. मी सांगतो. चार ओळींत मावत नाही. कुणी कात्री काढत नाही. दुकानावरची खोली रिकामी आहे, असं दुकानदारीण आज दोनदा म्हणाली.

१५ डिसेंबर

परतीचं तिकीट रद्द केलं. सूनबाईला फोन लावला – पट्टे पाठव, लोकरीचे मोजे पाठव, आणि माझी खोली रिकामी करून तिथे दुसरं मशीन लाव.